फुकट हाय, लावून टाकू

"फुकट हाय बाई, लावून टाकू." संगणकाच्या पडद्यावर मोकळी जागा दिसली की तो तिथे पेनाचं टोपण टेकवायचा आणि हे म्हणायचा.

भिंगारच्या बाजारात त्याचं एका खोलीचं इंटरनेटचं दुकान होतं. त्याआधी तो लग्नाच्या मांडवांना लायटिंग करायचा. रिकामी जागा म्हणजे आपल्या कामातली उणीव, असं मानणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

माझ्या शिवणवर्गातल्या बायका गोधड्या शिवत. परदेशातून मागणी येईल म्हणून मी त्याच्याकडून वेबसाइट करून घेतली. गोधड्या, शेजारी शिवणारीचा फोटो, खाली पत्ता. एवढंच सांगितलं होतं.

आठवड्याने पाहते तर वर घड्याळ, त्याखाली सरकत्या अक्षरांत सुस्वागतम आणि कोपऱ्यात न्यूयॉर्कचं हवामान.

"हे कशाला?"

"तिकडं थंडी पडली की गोधडी आठवंल ना, बाई."

पान उघडेपर्यंत चहा पिऊन व्हायचा. गोधड्या सगळ्यांत शेवटी दिसायच्या. त्याचा सर्वांत लाडका होता तो कुठल्याशा परदेशी कंपनीकडून फुकट मिळालेला आकडा. किती लोक पान पाहून गेले, ते त्यात दिसे. तो स्वतःच दिवसभर पान उघडून आकडा वाढवायचा आणि मला आनंदाने फोन करायचा. गिऱ्हाईक कुठे आहे विचारलं, तर म्हणे आधी गर्दी तर दिसू द्या.

सुनंदाचा हात वर्गात सगळ्यांत सफाईचा. तिच्या गोधडीचे टाके उलट बाजूनेही एकसारखे असत. एक दिवस ती आली नाही. तिचा भाऊ आला, चप्पल न काढता दारात उभा राहिला.

"तिच्या फोटोखाली काय लावलंय, ते बघून या. ती आता येनार न्हाई."

मी तडक दुकानात गेले. आकड्याखाली जाहिरात होती. उघड्यानागड्या बायकांची, अगदी सुनंदाच्या फोटोला लागून.

त्याचा चेहरा उतरला. "म्या लावलं तवा तिथं घड्याळाची जाहिरात हुती, बाई. ती आकड्यासंगं त्या कंपनीकडनंच येती. तेच बदलत्यात. आपल्या हातात न्हाई."

त्या वाक्याची किळस मला आजही येते. भिंत आमची, फोटो आमच्या पोरीचा, आणि शेजारी काय चिकटवायचं ते कोण कुठला परका ठरवणार! फुकट, फुकट म्हणत आम्हीच त्याला घरात घेतलं होतं.

"काढ," मी म्हणाले. "सगळं."

त्याने आकडा काढला, घड्याळ काढलं, न्यूयॉर्कची थंडीसुद्धा काढली. पान झटकन उघडलं. गोधड्या पहिल्यांदाच नीट दिसल्या. मग तो एकटाच सुनंदाच्या घरी गेला. चूक माझी, बाईंची नाही, पोरीची तर नाहीच, असं भावाला सांगून आला. भावाने ऐकून घेतलं, चहा दिला आणि उन्हाळ्यात तिचं लग्न काष्टी गावी ठरवलं.

लग्नाचा मांडव त्यानेच सजवला. त्यानंतर दुकान बंद करून तो कुठे गेला, कोणालाच ठाऊक नाही. मला आठवतो तो त्या मांडवातला. शिडीवर उभा, हातात उतरवलेली लुकलुकती माळ. वधूवरांच्या मागे कोरा पांढरा पडदा होता. कोणीतरी म्हणालं, इथं काहीच लावलं नाही.

"राहू द्या मोकळं," तो म्हणाला.

सुनंदाने मान वर केली नाही.