बागेत गेलेला बंब

गल्लीत त्याला सगळे बंबमामा म्हणत. मूळचा तो एकाच भाच्याचा मामा. पण त्या भाच्याने शाळेत इतक्या फुशारक्या मारल्या, की हळूहळू तो अख्ख्या गल्लीचाच मामा झाला. माणूस साधा, अंगाने दणकट, स्वभावाने मुलखाचा भिडस्त. 'नाही' हा शब्द त्याच्या तोंडून दात उपटल्यासारखा निघायचा. त्या भिडेनेच पुढे घात केला.

आईवडील लवकर गेले. थोरल्या बहिणीने, ताईने, गल्लीतल्या एका खोलीत शिलाई मशीन टाकलं आणि लोकांचे कपडे शिवून याला वाढवलं. नगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात हा ड्रायव्हर म्हणून लागला, तेव्हा मिळालेला गणवेश पार ढगळ होता. ताईने तो त्याच दिवशी उसवून मापाचा करून दिला. "आग विझवायला चाललायस, शेतात बुजगावणं म्हणून उभा राहायला नाही," असं वर ऐकवलं. त्यानेही नाव काढलं. लाकडाची वखार पेटलेली असो नाहीतर गाय विहिरीत पडलेली असो, बंब वेळेत पोचायचा. भोंगा ऐकला की बाजारातले हातगाडीवाले आपसूक गाड्या बाजूला घेत आणि ताई दुकानाच्या पायरीवर येऊन बघायची. बघायची कसली, मिरवायची!

मग नगराध्यक्षांनी टेकडीवर बंगला बांधला आणि बंगल्याभोवती बाग केली. उन्हाळा कडक होता. गावाला नळ एक दिवसाआड, तोही करंगळीएवढ्या धारेचा. तिथे बागेला पाणी कुठून येणार? केंद्राच्या साहेबांनी याला बोलावून घेतलं.

"बंब जरा टेकडीवर ने. तेवढाच सराव होईल."

"पण साहेब, तिथे आग कुठे आहे?"

"मग काय, आग लागेपर्यंत गाडी गंजवत ठेवायची? जा."

गेला. पहिल्या दिवशी त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिरवळीवर पाणी मारताना मान वर करवेना. पण लाजेचं नव्या चपलेसारखं असतं. सुरुवातीला चावते, मग पायात आहे हेसुद्धा कळत नाही. बाईसाहेब चहा पाठवू लागल्या, बसायला खुर्ची देऊ लागल्या. हिरवळीनंतर कुंड्या झाल्या, गच्ची झाली, एकदा तर मोटारही धुऊन झाली. आणि टेकडीच्या वाटेवर बाजाराची गर्दी लागायची, म्हणून हा शहाणा भोंगा वाजवायला लागला. वाजवू नये हे कळत नव्हतं का? चांगलं कळत होतं. पण बिनभोंग्याचा बंब गर्दीत अडकला की लोक विचारायचे, "काय मामा, कुठे निघालात?" भोंगा वाजत असला की कुणी काही विचारत नाही.

लोक काय डोळ्यांवर पट्टी बांधून बसलेत? नळाची वाट बघत रिकाम्या भांड्यांशी उभ्या राहिलेल्या बायकांच्या समोरून तो पाण्याने भरलेला बंब टेकडीकडे जायचा. बघता बघता बंबमामाचा माळीबुवा झाला. भोंगा वाजला की भाजीवाली ओरडायची, "अरे सरका, सरका! गुलाबांना चक्कर आलीय!" सगळे खो खो हसायचे आणि कुणी तसूभरही सरकायचं नाही. भाच्याने शाळेत मामाचा विषय काढणं सोडलं. ताईने मात्र एकदा स्पष्टच विचारलं.

"हे किती दिवस चालायचं रे?"

"वरून हुकूम येतो, ताई. मी काय करणार?"

"नाही म्हण."

"म्हणेन," तो म्हणाला, आणि म्हणाला नाही. त्यानंतर ताई पायरीवर येईनाशी झाली. भोंगा ऐकू आला की ती मशीन अजून जोरात चालवायची.

अशाच एका दुपारी तो बंगल्यामागच्या कुंड्यांना पाणी घालत होता. सहज खाली गावाकडे नजर गेली, तर गल्लीच्या अंगाला धूर. त्याने केंद्रात फोन लावला. केंद्रातला जुना शिरस्ता असा, की फोन नाही म्हणजे आग नाही.

"कुणाचाच फोन नाही बुवा," टेलिफोनवरचा माणूस जांभई देत म्हणाला. "कचरा पेटवला असेल कुणीतरी."

त्याला हायसं वाटलं. आग असती तर ताईने सगळ्यात आधी आपल्यालाच फोन केला असता, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि उरलेल्या कुंड्यांना पाणी घातलं. हो, घातलं! समोर धूर दिसत असताना घातलं. या माणसाबद्दल मला कितीही माया असली, तरी हे काही मला गिळवत नाही.

धूर काळा व्हायला लागला तेव्हा त्याचा धीर सुटला. त्याने पाइप कसाबसा गोळा करून गाडीत कोंबला, कुणाला न विचारता बंब काढला आणि भोंगा लावून उताराला लागला. बाजारात शिरला आणि अडकला. भोंगा बोंबलतोय आणि कुणी ढिम्म हलेना. एक हातगाडीवाला तर हसून म्हणाला, "काय माळीबुवा, आज रस्ता चुकलात वाटतं?"

त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं. "आग आहे हो! देवाशपथ, खरी आग आहे!"

गणवेशातला माणूस भर बाजारात शपथा घेत होता. भाजीवालीने वळून धुराकडे पाहिलं, तिचा चेहरा उतरला आणि तिने स्वतः आपली गाडी ओढून वाट करून दिली.

तो पोचला तेव्हा आग बरीचशी विझली होती. गल्लीने विझवली होती. घराघरांतलं साठवलेलं पाणी, अगदी प्यायचंसुद्धा, हातोहात पुढे देऊन ओतलं होतं. माणसं वाचली होती. शेजारच्या इस्त्रीवाल्या आजोबांचे तळहात भाजले होते. आणि ताईचं दुकान गेलं होतं. आत मशीनचा काळा सांगाडा उभा होता आणि लोकांच्या कपड्यांचा ओला चिखल झाला होता.

त्याने पाइप जोडला. धुमसत्या वाशांवर थोडा वेळ चांगली धार पडली, मग पाइप फुरफुरला आणि गप्प झाला. बाकीचं पाणी टेकडीवर जिरलं होतं.

"संपलं?" आजोबांनी विचारलं. आवाजात रागही नव्हता. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"अहो, पण फोन का नाही केलात?" तो जवळजवळ ओरडलाच. "एक फोन करायचात की! मी आलो नसतो का?"

बायका आपापल्या रिकाम्या बादल्या ओळखून उचलू लागल्या. त्याच्या अंगावर चुळभर पाणी उडालं नव्हतं, आणि ते सगळे नखशिखांत भिजलेले, काळवंडलेले.

तो ताईकडे वळला. ती खाली बसून राखेत कात्री शोधत होती.

"ताई, तुला तर माझा नंबर पाठ आहे. तू तरी..."

"फोन हातातच होता," ताई मान वर न करता म्हणाली. "हे सगळे लाव, लाव म्हणत होते. मीच नको म्हटलं."

"का?"

आता तिने वर पाहिलं. डोळे धुराने लाल झाले होते, की कशाने, कोण जाणे.

"लावला असता आणि 'बंब बागेत गेलाय' असं तिकडून उत्तर आलं असतं तर? या सगळ्यांच्या देखत? दुकान काय, पुन्हा उभं करीन. ते ऐकणं मला झेपलं नसतं रे."