शर्यतीच्या मोटारीचं इंजिन

गोऱ्या साहेबांचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. देऊळगाव राजातल्या माझ्या पिठाच्या चक्कीला शर्यतीच्या मोटारीचं इंजिन होतं. मोटार आधी नागपूरच्या एका साहेबाची, मग खामगावच्या कापसाच्या जिनवाल्याची, आणि शेवटी मोडीत निघून माझ्याकडे आली. मधले मालक कोण, हे मी येईल त्याला विचारायचो. मला त्या इंजिनाचा भारी तोरा होता.

एक म्हातारी रोज ओंजळभर ज्वारी घेऊन यायची. दळण झालं तरी उठायची नाही. गरम पिठाचं फडकं मांडीवर धरून इंजिनाकडे बघत बसायची. मी इंजिन बंद केलं, की उठून निघायची.

एकदा विचारलं, "मावशी, रोज काऊन बसून राह्यता? ही मोटार कोणाची होती, माहीत हाय का तुम्हाले?"

"मालक नाही माहीत, बापा. आवाज माहीत हाय," ती म्हणाली. "माह्यं लेकरू हिच्याखाली आलं, तवा ही थांबली नाही. आता ही थांबल्याबिगर माह्या पायाले घर सुचत नाही."

त्यानंतर मी मालकांची चौकशी सोडली. तिचं दळण झालं, की मागे कितीही गर्दी असो, इंजिन बंद करायचो. ती उठून जायची.

दुसऱ्या दिवशी पुन्हा यायची.