मोकळे हात

वॉर्डात बांगड्या चालत नाहीत, कारण हात कोपरापर्यंत धुवावे लागतात. नर्सिंगच्या डिप्लोमाला असताना आम्ही लग्न झालेल्या मुली सकाळी बांगड्या पर्समध्ये ठेवायचो आणि संध्याकाळी एसटी स्टँडवर परत चढवायचो.

एके संध्याकाळी स्टँडवरच्या बाकावर बसलेल्या मैत्रिणींकडे माझं लक्ष गेलं. सगळ्या माना खाली घालून मुकाट्याने बांगड्या भरत होत्या. त्याच दुपारी जन्मल्यावर न रडलेल्या एका बाळाची पाठ मी ह्या हातांनी चोळली होती आणि ते रडलं होतं. मग हे हात मोकळे दिसायची लाज कसली? आणि एकाच्या आयुष्याची खूण दुसरीच्या मनगटावर का असावी? मी पर्स उघडलीच नाही.

घरी दारातच सासूबाईंनी अडवलं. "नवरा जिवंत असताना मोकळे हात? लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत, आई. कामाचे हात आहेत. आता असेच राहतील."

"घाल ना, काय बिघडतं?" नवरा हळूच म्हणाला.

"नाही घालणार," मी म्हणाले.

रात्री पानं मांडली. मी सगळ्यांना वाढलं. एरवी मी मागून जेवायची. त्या दिवशी ताट घेऊन त्यांच्यातच बसले.