टँकरच्या गावातलं कोळीगीत

दहावीची बॅच पंचवीस वर्षांनी पुन्हा शाळेत भरवायची टूम हल्ली गावोगावी निघाली आहे. चाळिशी ओलांडलेली माणसं फेटे बांधून जुन्या बाकांवर मावत नसताना बसतात, थकलेल्या गुरुजींना शाल-नारळ देतात आणि जेवून घरी जातात. मंगलच्या गावानं तरी का मागं राहावं? पाडवा झाला आणि दीपमालानं व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. दीपमाला वर्गात पहिली यायची, आता जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. ग्रुपची ॲडमिन व्हायला आपल्याशिवाय दुसरं कुणी लायक असेल, अशी शंकाही तिच्या मनाला शिवली नव्हती.

ग्रुपवर पहिल्या दिवसापासून गाण्यांचा पाऊस सुरू झाला. भूगोलाचं एक वाक्य कुणाला आठवत नव्हतं, पण अमुक कॅसेटच्या दुसऱ्या बाजूचं तिसरं गाणं कोणतं यावर चांगली हमरीतुमरी झाली. कुणाला गाणं लागलं की स्टँडसमोरच्या हॉटेलातला टेपरेकॉर्डर आठवायचा, कुणाला पिठाच्या गिरणीतला रेडिओ, आणि बाकी सगळ्यांना गॅदरिंग. प्रत्येक गाण्याखाली एकच प्रश्न असायचा, आठवतंय का? मंगल त्याखाली नेमानं लिहायची, "हो ना."

मंगलचं युसूफ वडगावच्या बाजारात शिवणकामाचं दुकान आहे. एका हातानं ब्लाउज सरकवत ती दुसऱ्या हातानं गाणं लावायची. तिला प्रत्येक गाणं पाठ होतं. शब्द तर होतेच, मधलं वाजवणंही होतं, आणि गाणारी बाई कुठं दम घेते तेही. फक्त तिच्या आठवणीत ना शाळा होती, ना हॉटेल, ना गिरणी. तिथं होता उसाचा फड. पाचवीपासून दहावीपर्यंत दरसाल दिवाळी झाली की मंगल आईबापांबरोबर ऊसतोडीच्या टोळीत, सांगलीकडं. परत यायची ती उन्हाळा लागल्यावर. दहावीला तेवढी परीक्षेपुरती आधी आली आणि काठावर पास झाली. फडात ऊस न्यायला येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याकडं एक कॅसेट असायची आणि ती अख्खा हंगाम वाजायची. गाणी तीच, साल तेच. तेव्हा "हो ना" लिहिण्यात खोटं असं काही नव्हतं. अर्धं होतं इतकंच.

गॅदरिंग मात्र जानेवारीत व्हायचं आणि जानेवारी काही कुणासाठी सरकवत नाहीत. मंगल परत यायची तेव्हा पोरी अजून गॅदरिंगचंच बोलत असायच्या. कुणाची पिन सुटली, कोण उलट्या दिशेला फिरलं, सगळं. मंगल ऐकून घ्यायची. आपणही एकदा त्या स्टेजवर उभं राहावं, एवढंच तिला तेव्हा हवं होतं. आता तिची लेक कॉलेजात होती, गुडघे कुरकुरत होते, आणि तरी तेच हवं होतं. याची तिला लाज वाटायची. पण लाज वाटून हौस कमी होत नाही.

एक दिवस दीपमालानं जाहीर केलं, की आपल्या दहावीच्या साली गाजलेलं कोळीगीत आपण पुन्हा बसवायचं. ज्या गावाला प्यायचं पाणी टँकरनं येतं, त्या गावाच्या गॅदरिंगला कोळीनाच दरसाल व्हायचाच. पोरं स्टेजवर जीव तोडून होडी वल्हवायची आणि घरी जाऊन हंडा घेऊन रांगेत उभी राहायची. त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. तर दीपमालानं विचारलं, नाचात कोण कोण होतं? कुणालाच खात्री नव्हती. मंगल हुक लावत होती. दोन हुकांच्या मध्ये तिनं लिहिलं, "मी होते."

लिहिलं आणि घाबरली. पुसून टाकावं म्हणून बोट नेलं, तोवर दीपमालाचं उत्तर आलं, हो गं, तू होतीसच, पिवळं लुगडं नेसली होतीस, मला लख्ख आठवतंय. मागोमाग दोघातिघांनी अंगठे दाखवून साक्ष दिली.

पुढचा हुक लावून होईपर्यंत मंगल आनंदात होती. मग तिला संताप आला. इतकी वर्षं आपण एकाही गॅदरिंगला नव्हतो आणि एकानंही म्हणू नये, की मंगल, तू कुठली असायला? तिचं नसणंसुद्धा कुणाच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पण संतापून स्टेजवर जाता येत नाही. तिनं राग गिळला आणि साड्या कुठून आणायच्या ते विचारलं.

तालीम शाळेच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी असायची. पुढच्या रांगेत अमरसिंह. त्याच्या घरचं बागायत मोठं, स्वतः एकदा पंचायत समितीला निवडून आलेला, आणि मांडव-जेवण त्याच्याकडून असल्यानं त्याला नाचता येतं की नाही हा प्रश्न कुणी काढला नाही. गाणं लागलं. होडी वल्हवायची तेवढी सगळ्यांना आठवत होती, ती सगळ्यांनी वल्हवली. पुन्हा वल्हवली. चौथ्यांदा वल्हवून झाल्यावर गाणं बरंच शिल्लक आहे असं लक्षात आलं. मग सगळ्यांनी मंगलकडं पाहिलं, कारण "मी होते" असं ठाम म्हणणारी ती एकटीच होती.

 गाणं थांबायला तयार नव्हतं. काहीतरी करणं भाग होतं, आणि तिनं विचार करायचं सोडल्यावर ते अंगानं आपोआप केलं. ती कमरेत वाकली. डाव्या हातानं नसलेल्या उसाचा कवळा धरला, उजव्या हातानं बुडाशी वार केला, उठता उठता वरून खाली सोललं, शेंडा उडवला आणि मागं टाकलं. सगळं ठेक्यावर. ध्रुवपद आलं तेव्हा खाली बसून मोळी आवळली आणि डोक्यावर घेऊन उभी राहिली. त्या गाण्यावर तिच्या अंगाला दुसरं काही येतच नव्हतं. आपण काय केलं हे तिला मोळी डोक्यावर घेतल्यावर कळलं. आता सगळे हसतील, या भीतीनं ती तशीच उभी राहिली.

अमरसिंहनं मान डोलावली. ही जाळं टाकायची स्टेप आहे, आपल्याला पक्की आठवते, असं त्यानं सांगितलं. तो दोनदा अलिबागला जाऊन आला होता. समुद्राच्या बाबतीत गावात त्याच्यापुढं कुणी तोंड उघडत नसे. मग सगळं पटापट जुळत गेलं. सोलणं म्हणजे माशाचे खवले काढणं, शेंडा उडवणं म्हणजे मुंडकं तोडणं, आणि मोळी ही अर्थातच म्हावऱ्याची पाटी. दीपमालानं सगळ्यांना स्टेप शिकवायचं काम मंगलवर सोपवलं. मागच्या रांगेतल्या म्हाळूला मात्र काही शिकवावं लागलं नाही. म्हाळू आता काळी-पिवळी जीप चालवतो. त्यानं पहिल्या झटक्यात अशा सफाईनं तोडून मागं टाकलं, की मंगलनं त्याच्याकडं पाहिलं आणि त्यानं खिडकीकडं पाहिलं.

मे महिन्यात एका सकाळी शाळा भरली. प्रार्थना झाली. ज्यांना ती येत नव्हती त्यांनी पूर्वीसारखेच ओठ हलवले. भगवानराव गुरुजींना भर उन्हाळ्यात लोकरीची शाल पांघरली आणि त्यांनी ती शिस्तीनं सोसली. मांडवात घरची माणसं आणि नाचात नसलेली बॅच बसली होती. बायकांच्या बाजूला पुढंच मंगलची आई छबुबाई होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. पोरगी नाचणार आहे असं कळल्यावर ती आपली आपण आली.

कोळीगीत लागलं. होडी वल्हवेपर्यंत सगळं ठीक होतं. मग नाचातली सगळी मंडळी एकदम वाकली आणि तोडायला लागली. ज्याच्या घरच्या उसाला दरसाल टोळी लागते तो अमरसिंह आयुष्यात पहिल्यांदा, जरीचा फेटा सांभाळत, ऊस तोडत होता आणि आपण मासे धरतोय या समजुतीत होता. छबुबाई बघत राहिली. मग शेजारणीला, पण अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"आगं, ह्ये तर ऊस तोडायलेत."

बायकांत हसू फुटलं आणि मागपर्यंत गेलं. अमरसिंहला ती दाद वाटली. त्यानं आणखी वाकून तोडला. गाणं संपल्यावर त्यानं माइक घेऊन सांगितलं, की हा नाच हुबेहूब पंचवीस वर्षांपूर्वीसारखा झाला, आणि याचं श्रेय मंगलला. तिनं त्या गॅदरिंगची एखादी आठवण सांगावी. माइक तिच्या हातात आला.

आभार मानून उतरली असती तर कुणाला काही कळलं नसतं. स्टेजवर उभं राहायचं होतं, ते झालं होतं. पण समोर आई होती. जिच्या शेजारच्या सरीत हे गाणं पाठ झालं, तिच्या तोंडावर आपण इथं होतो असं मंगलच्यानं म्हणवेना.

"मी गॅदरिंगला नव्हते," ती म्हणाली. "एकाबी सालच्या नव्हते. ह्ये गानं मी फडात ऐकलंय, कोयता हातात धरून. ग्रुपवर मी खोटं लिहिलं. पर तुमच्यातलं एकबी कुनी म्हनलं न्हाई, की मंगल, तू नव्हतीस. त्याचं मला लई वाईट वाटलं."

 दीपमालाचा चेहरा पडला. मला खरंच दिसली होतीस गं, असं ती पुटपुटली, आणि ती खोटं बोलत नव्हती. मग मागून म्हाळू जागचा न हलता म्हणाला, "मी बी नव्हतो, फडातच व्हतो. नुसतं हो ना, हो ना लिवत व्हतो."

त्यावर खुर्च्यांमधून बॅचमधल्या आणखी एकानं हात वर केला. मग बायकांतून दोघींनी. शाळेत उत्तर येत नसताना करायचे तसे, अर्धेमुर्धे, कोपरातून वर आलेले हात. बघता बघता अर्ध्याहून जास्त बॅच हात वर करून बसली. इतके दिवस ग्रुपवर ज्या गॅदरिंगच्या आठवणींनी गळे काढले जात होते, त्याला अर्धाअधिक वर्ग गेलाच नव्हता.

भगवानराव गुरुजींनी चष्मा काढला. त्या हातांवरून त्यांनी एकदा नजर फिरवली.

"तरीच," ते म्हणाले. "पोरं पुरायची न्हाईत. एकेकाला मी तीन तीन नाचांत घालायचो." आणि मग, "कावून पुरत न्हाईत, ते मात्र कधी इचारलं न्हाई मी."

 अमरसिंहनं जरीचा फेटा काढून हातात घेतला. मंगल खाली उतरली आणि आईच्या पायाशी सतरंजीवर बसली. छबुबाईनं तिच्या पिवळ्या लुगड्याचा काठ बोटांत धरून पाहिला.

"एखाद साल तरी तुला हितं आजीपाशी ठिवायला पायजे व्हतं," ती म्हणाली. "दर साली मी म्हनायचे, फुडल्या साली ठिवीन."

मंगलनं काहीतरी बोलून ते उडवून लावायचं ठरवलं होतं. तिला रडू आलं आणि ती चारचौघांत, तोंड न लपवता रडली. छबुबाईनं तिला रडू दिलं. मग तिच्या पाठीवर एक थाप मारली.

"ऊठ. परत नाच."

"आता कशाला?"

"मगाशी तुला बघितलंच न्हाई मी. ऊस दिसला, अन् त्योच बघत बसले."

मंगलनं पदरानं तोंड पुसलं आणि साउंडवाल्याला गाणं पहिल्यापासून लावायला सांगितलं.