पिपलखेडीचा फाग आणि घाटे मॅडम

घाटे मॅडम मीटिंगमध्ये झोपत. चोरून नाही, उघड. पर्स मांडीवर घेऊन, खुर्चीच्या पाठीला डोकं टेकवून. पडद्यावर कुठल्या गावात किती नाल्या झाल्या ते दिसत असे आणि इकडे मॅडमचा श्वास संथ लयीत चाललेला. एकदा साहेबांनी टोकलंच, "मैडम, थक गई हैं क्या?" डोळे न उघडता मॅडम म्हणाल्या, "नहीं सर, सुन रही हूँ. इसमें आँख का क्या काम?" सगळे हसले, साहेबही हसले.

याच बाई गावात कार्यक्रम असला की शेवटचा गडी झांजा गुंडाळून उठेपर्यंत ताठ बसत. तेही सतरंजीवर, मागच्या रांगेत. सरपंचाने धावपळ करून खुर्ची आणली तर तिच्यावर पर्स ठेवत आणि स्वतः खालीच. मला म्हणत, "वंदना, खुर्चीवर बसलं ना, की माणसं आपल्याकडे तोंड करून गातात. मग सगळंच बिघडतं."

आमचं जिल्ह्याचं कार्यालय रस्ते, हातपंप, शाळांच्या भिंती असल्या कामांचं. त्याच्या शेवटच्या खोलीत एक टेबल कला-संस्कृतीचं होतं. त्या टेबलावर घाटे मॅडम, आणि शेजारी मी. मॅडमचे वडील नागपूरहून सरकारी कचेऱ्यांबरोबर भोपाळला आलेले, माझे वडील वर्ध्याकडून कारखान्यात कामाला. गोविंदपुऱ्यात त्यांनी लेथ चालवली. आमच्या सात पिढ्यांत कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. इंद्रपुरीच्या क्वार्टरमध्ये माझी डिग्री बाबांनी देवांच्या फोटोशेजारी टांगली होती, आणि मला त्याची आजही लाज वाटत नाही. कागदानेच आमचे दिवस बदलले. म्हणून मॅडम जेव्हा म्हणत, "कागदाचं फार मनावर घेऊ नको गं," तेव्हा मला राग येई. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांपासून कागद आहेत त्यांना असं बोलणं परवडतं, असं मी एकदा त्यांना तोंडावर म्हटलं. त्या रागावल्या नाहीत. "बात तो सही है," म्हणाल्या आणि डब्यातली अर्धी पोळी माझ्या झाकणात ठेवली.

पिपलखेडीला आम्ही पहिल्यांदा गेलो ते होळीच्या आधी. करोंदला धान्याच्या मंडीत आलेल्या गव्हाच्या ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता, ड्रायव्हर वैतागलेला, मॅडम मात्र खिडकीतून ट्रॉलीवाल्यांना विचारत होत्या, "क्यों भैया, आपके गाँव में कौन गाता है?" त्यातल्याच एकाने पिपलखेडीचं नाव सांगितलं.

तिथला फाग, म्हणजे होळीचं गाणं, मी कधी विसरणार नाही. गाणाऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर बसत. एका रांगेचे म्होरके हल्केदादा, दुसरीचे कंछेदीदादा. दोघेही म्हातारे, दोघांची शेतं बांधाला बांध. हल्केदादा ओळ उचलत आणि अर्ध्यावर सोडत. ती हवेत असतानाच कंछेदीदादा झेलत आणि पुरी करून परत फेकत. कधी उलटं होई. कोण सुरू करणार हे ठरलेलं नसे, ज्याचा गळा आधी मोकळा झाला तो. मधे टोमणे चालूच. "आज आवाज कहाँ रख आया, हल्के? भैंस ने खा ली क्या?" "तू अपना जवाब सँभाल, कंछेदी, बोल आ रहा है, झेल के दिखा!" असं काहीतरी त्यांच्या बोलीत. ऐकताना मॅडमच्या डोळ्यांना पाणी आलं. गुलाल गेला म्हणाल्या.

त्या दिवशी गाणं संपल्यावर मॅडमनी ठरवलं की या मंडळीला सरकारी मदत मिळालीच पाहिजे. सतरंज्या, माइक, जिल्ह्याच्या महोत्सवात जागा. त्यासाठी मंडळीची नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी अध्यक्ष हवा.

"तुमचे अध्यक्ष कोण?" मी विचारलं.

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग कंछेदीदादा म्हणाले, "बिटिया, हमारे यहाँ तो ढोलक अध्यक्ष है. वो चुप, तो सब चुप." खूप हशा झाला. मॅडमही हसल्या, आणि हसत हसतच म्हणाल्या, "अरे, किसी का भी नाम लिख दो. कागज की बात है."

हल्केदादा वयाने थोडे मोठे होते. कंछेदीदादांनीच त्यांच्याकडे बोट केलं, "इसी का लिख लो, बूढ़ा है, खुश हो जाएगा." मी लिहिलं. मला तर ते काम फार नीटनेटकं वाटलं. आज पुन्हा वेळ आली तरी नियमाप्रमाणे मी तेच लिहीन, हे मी स्पष्ट सांगते. पुढे जे बिघडलं त्यात चूक कुणाची हे घाटे मॅडमनी आपल्यापुरतं ठरवून टाकलं होतं, माझ्यावर त्यांनी त्यातलं काहीच येऊ दिलं नाही.

महोत्सवाच्या दिवशी मंचावरून पुकारा झाला, "पिपलखेड़ी फाग मंडली के अध्यक्ष!" हल्केदादा गोंधळून वर गेले. शाल, श्रीफळ, फोटो. गाण्याला पंधरा मिनिटं मिळाली, त्यातली पाच माइक जुळवण्यात गेली. मंचावर एकच माइक, तो अध्यक्षांपुढे. कंछेदीदादांची रांग ओरडून जवाब देत होती, पण मांडवात पोचत होती ती फक्त हल्केदादांची अर्धी ओळ. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, त्यात शालीतले हल्केदादा एकटेच. महोत्सवाहून परततानाच गाडीत कुणी टोमणे मारले नव्हते. मॅडम मला हळूच म्हणाल्या होत्या, "वंदना, हे गप्प का आहेत गं?"

पुढच्या होळीला आम्ही गेलो तेव्हा सरकारी सतरंजी नवीकोरी होती, आणि तिच्यावर एकच रांग बसली होती. हल्केदादांनी ओळ उचलली, अर्ध्यावर सोडली. समोर कुणी नव्हतं. त्यांच्याच रांगेतल्या एका पोराने जवाब द्यायचा प्रयत्न केला, पण म्हातारा गप्प झाला. मग ढोलकही गप्प.

मॅडम उठून कंछेदीदादांच्या घरी गेल्या. ते खाटेवर बसून दोरी वळत होते. मॅडम जमिनीवर बसल्या. कंछेदीदादा म्हणाले, "बहनजी, शाल का झगड़ा नहीं है. शाल तो मैं अपनी बहू की ओढ़ लूँ. सारी उमर हम दोनों गाते रहे. अब सरकार ने बता दिया कि वो गाता है और मैं जवाब देता हूँ."

मॅडम तिथून उठल्या. हल्केदादांकडे गेलो तर ते वेगळेच तापलेले. "मैंने कब कहा कि मैं अध्यक्ष हूँ? कंछेदी ने उँगली दिखाई, आपने लिखा. अब मैं उसके पैर पड़ूँ क्या?"

थोड्या दिवसांनी कंछेदीदादांची माणसं आमच्या कार्यालयात आली. त्यांना वेगळी मंडळी हवी होती, वेगळा अध्यक्ष. साहेब खूश झाले. "वाह, एक गाँव में दो मंडली! मैडम, ये तो आपकी उपलब्धि है." त्या मीटिंगमध्ये मॅडम झोपल्या नाहीत. त्यांनी विचारलं, एका मंडळीला दोन अध्यक्ष चालतील का? कॉम्प्युटरवाला म्हणाला, अध्यक्षाचा रकाना एकच आहे. अध्यक्षच नको असेल तर? मग मंडळीच नाही.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "मग मंडळीच नको."

त्यांनी दुसरी मंडळी होऊ दिली नाही आणि पहिलीची नोंदणी रद्द करायला लावली. सतरंज्या, माइक परत आले. गाव खवळलं. सरपंच टेबलासमोर उभे राहून म्हणाले, "दूसरे अफसर देते हैं, आप छीनती हैं!" नंतर मीही भांडले त्यांच्याशी. गरिबांच्या हातातलं काढून घ्यायचा आपल्याला काय हक्क, असं बरंच काही. त्या म्हणाल्या, "तुझं बरोबर असेल गं. पण आता मला दुसरं काही सुचत नाही. थकले मी." एवढा कष्टी आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. त्यांना एवढंच हवं होतं की रिटायर होण्याआधी ते दोघे पुन्हा समोरासमोर बसावेत. पण पुढची होळी आली आणि गेली. पिपलखेडीत कुणीच गायलं नाही. मॅडम रिटायर झाल्या. निरोपाला शाल आणली होती, ती त्यांनी घेतली नाही, नुसता समोसा खाल्ला.

त्या हिवाळ्यात हल्केदादा गेले.

तिकडे रीत अशी, की घरात कुणी गेलं असेल तर पहिल्या होळीला फाग आधी त्या दारात गायचा. त्याशिवाय त्या घराला रंग लागत नाही, सण सुरू होत नाही. मॅडमचा फोन आला, "येतेस? मी आता कुणी नाहीये, बसने जाऊ." बसने गेलो.

हल्केदादांच्या अंगणात त्यांची रांग भिंतीशी बसली होती, मुलगा मुंडनानंतरच्या खुरट्या केसांनी उंबऱ्यात. दुपार कलली तरी सगळे नुसते बसलेले. मग कंछेदीदादा आपली माणसं घेऊन आले. रामराम नाही, काही नाही. समोर बसले. मुलाच्या कपाळाला गुलाल लावला आणि खणखणीत आवाजात ओळ उचलली. हल्केदादा उचलत तशी. अर्ध्यावर सोडली. त्यांच्या स्वतःच्या रांगेतून कुणी हूं की चूं केलं नाही. सगळे भिंतीकडे बघत होते. क्षणभर वाटलं, आता ही ओळ पण पडणार. तेवढ्यात भिंतीशी बसलेल्या रांगेने जवाब दिला. आधी फाटका, मग भरून. ढोलक धावतच मागून आला.

गाता गाता कंछेदीदादा भिंतीकडे बघून ओरडले, "इतना धीरे? हल्के होता तो कान पकड़ता!" आणि रडता रडता ती माणसं हसली.

मॅडम मागे, मातीत बसल्या होत्या. त्यांच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पाणीसुद्धा कुणी विचारलं नाही. उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

"वंदना, हे ऑफिसात सांगू नकोस."

"का मॅडम? आता तर मदत मिळू शकते."

"सांगितलंस की ते अध्यक्ष विचारतील."

घाटे मॅडम आता मुलाकडे नागपूरला असतात, गुडघे फार दुखतात म्हणतात. त्यांच्या खुर्चीवर मी बसते. नियम मी आजही मानते, आणि बाकीच्या गावांची नोंदणी चोख करते. दर वर्षी होळीच्या आधी साहेब विचारतात, "पिपलखेड़ी में कुछ है क्या?"

"नहीं सर," मी म्हणते. "वहाँ कुछ नहीं है."