बागेतले किस्से

तीस वर्षं घरोघरचे जिने चढून विजेचे मीटर वाचणाऱ्या माणसाने अपंगांच्या मदतीच्या अर्जात लिहिलं होतं, 'चालता येतं.' अर्ज अर्थातच नामंजूर झाला. या वेळी सून पेन घेऊन समोर बसली.

"बाबा, न थांबता किती चालता?"

"बागेपर्यंत जातो की रोज!"

"मध्ये किती वेळा थांबता? एखाद्या बऱ्या दिवसाचं नको, रोजचं सांगा."

तो गुडघे चोळू लागला. मग मान खाली घालून म्हणाला, "वर्षभरात बागेत गेलोच नाही. इमारतीबाहेर वीस पावलं टाकली की पाय लटपटतात. मग जिन्यातच तासभर बसतो आणि बसत बसत, एकेक पायरी वर सरकतो."

स्वयंपाकघरात बायकोचा हात थबकला. बागेत कोण भेटलं, कोण काय म्हणालं, हे तो तिला रोज रंगवून सांगत असे.

सुनेने शब्दन् शब्द लिहिला. दोन महिन्यांनी मंजुरीचं पत्र आलं. त्या संध्याकाळी बायको जिन्यात त्याच्याशेजारी येऊन बसली.

"अहो, मला तरी सांगायचं होतंत."

"तू इतकी हसायचीस ऐकताना," तो म्हणाला.