यू स्लिप्ड, राइट?

अंबरनाथला पिठाच्या गिरणीच्या वर आमचा इंग्लिश बोलायचा क्लास भरायचा. आम्ही सगळ्या बायकाच. शिकवणाऱ्या मॅडमच्या तोंडात सतत वेलची असायची आणि प्रत्येक वाक्य संपताना त्या भुवया उंचावून "राइट?" म्हणायच्या. मराठी बोलतानासुद्धा. "आज गिरणी बंद आहे, राइट?"

त्या दिवशी धडाही त्याचाच होता. "असं विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असतं," मॅडम म्हणाल्या. "त्याला फक्त आपला होकार हवा असतो. म्हणून माणसं येस म्हणून मोकळी होतात." त्यांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. बाथरूममध्ये घसरले, असं त्यांनी आल्या आल्याच सांगितलं होतं.

क्लास सुटताना त्यांचे मिस्टर न्यायला आले, नेहमीसारखे हसतमुख. उल्हासनगरहून येणाऱ्या एकीने हाताची चौकशी केली, तर तेच पुढे होऊन मॅडमना म्हणाले, "यू स्लिप्ड इन द बाथरूम, राइट?"

मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलं. "नो. यू पुश्ड मी." मग कुणाला कळलं नसेल म्हणून आमच्याकडे वळून, शिकवायच्याच आवाजात, "यांनी ढकललं मला."

"मस्करी करते हो ती," मिस्टर हसले. दुसरं कुणीच हसलं नाही.

मॅडमनी उजव्या हाताने पर्स उचलली. "पोलीस स्टेशनला माझ्याबरोबर कोण येईल?"

"मी येते," म्हणत मी उठून दाराशी गेले, तर तिथे सगळ्याच जणी "मीपण" म्हणत घाईघाईने चपला शोधत होत्या.